फ्रीकॅडमध्ये बेअरिंग हाउसिंगचे सेक्शन रिकामे येते; काय तपासावे?

मांजलपूरकर

नमस्कार. मी बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात ड्रॉइंगचे काम पाहतो. आमच्याकडे पंपांचे ओतीव भाग मशिनिंगसाठी येतात आणि त्यांची ड्रॉइंग आम्ही फ्रीकॅड या त्रिमितीय मॉडेलच्या प्रोग्राममधील टेकड्रॉ या ड्रॉइंगच्या विभागात तयार करतो. सध्या एका बेअरिंग हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणाऱ्या ओतीव कवचावर, काम अडले आहे. त्यात ६३०८ क्रमांकाची दोन बेअरिंग बसतात, म्हणजे बोअर (आतले गोल भोक) ९० मिमी आहे. एका टोकाला फ्लँज (बोल्टने जोडायची रुंद कड) असून तिच्यावर समान अंतरावर ६ छिद्रे आहेत, आणि मधला बॉस (जाड गोल भाग) व फ्लँज यांना जोडणाऱ्या ८ मिमी जाडीच्या ४ रिब (आधाराच्या पातळ भिंती) आहेत.

मॉडेल ग्राहकाकडून स्टेप फाइलच्या, म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेता येणाऱ्या मॉडेल-फाइलच्या, रूपात आले. समोरचे आणि बाजूचे दृश्य अगदी व्यवस्थित उमटते. परंतु अक्षातून जाणाऱ्या उभ्या प्लेनवर (काल्पनिक सपाट पातळीवर) सेक्शन, म्हणजे वस्तू कापून आतले दाखवणारे दृश्य, घेतले की पानावर फक्त 'सेक्शन ए-ए' ही अक्षरे येतात आणि चौकट रिकामी राहते. कटिंग प्लेनची रेषा फ्लँजकडून पाहिलेल्या दृश्यावर बरोबर मध्यातून जाताना दिसते. दोनदा फाइल नव्याने उघडली, तरी फरक पडला नाही. शनिवारी प्रिंट टर्नरच्या हाती द्यायची आहे, म्हणून कोठून तपासायला सुरुवात करावी ते कृपया सांगावे.

घनाकृती

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गाला शिकवते, आणि रिकामे सेक्शन ही तक्रार माझ्याकडे दर सत्रात येते. तिची कारणे थोडी असतात, पण ती एका ठरावीक क्रमाने तपासली नाहीत तर दिवस वाया जातो.

आधी प्लेन पाहा. सेक्शनच्या गुणधर्मांत मूळबिंदूचे जे तीन आकडे असतात, ते वस्तूच्या आतले आहेत का, हे मॉडेलवर माप घेऊन पडताळून पाहा. पानावरची रेषा बरोबर दिसते म्हणजे प्लेन वस्तूला छेदतेच, असे गृहीत धरू नका. त्यानंतर प्लेन ०.०१ मिमी बाजूला सरकवून पाहा. गोल पृष्ठभागाला एक शिवण असते, म्हणजे गुंडाळलेल्या कागदाची कड जिथे कडेला मिळते तशी रेषा. आणि प्लेन नेमके त्या शिवणीवर किंवा एखाद्या सपाट फेसवर (पृष्ठभागाच्या तुकड्यावर) पडले, तर फ्रीकॅडच्या आत काम करणाऱ्या ओपन कॅस्केड या गाभ्याला कधी कधी कापणी जमत नाही. एवढ्याने सेक्शन उमटले, तर दोष प्लेनच्या जागेचा होता.

तरीही रिकामे राहिले, तर दोष मॉडेलमध्ये आहे. पार्ट वर्कबेंचमध्ये जाऊन हाउसिंग निवडा, 'चेक जॉमेट्री' चालवा आणि त्यात सॉलिड (भरीव घन), शेल (नुसते कवच) व फेस यांची जी संख्या दिसेल ती येथे लिहा.

मांजलपूरकर

आपण सांगितल्याप्रमाणे केले. मूळबिंदू वस्तूच्या आतच आहे. प्लेन आधी ०.०१ आणि मग ०.५ मिमी सरकवले, तरी चौकट रिकामीच राहिली. 'चेक जॉमेट्री'मध्ये सॉलिड ० आणि शेल १ असे दाखवते. आकृती स्क्रीनवर पूर्ण भरीव दिसत असताना सॉलिडची संख्या शून्य कशी, हे मला समजत नाही.

घनाकृती

मग कारण सापडले. तुमच्याकडे हाउसिंगची फक्त त्वचा आली आहे, तिच्या आत द्रव्य नाही. समोरचे किंवा बाजूचे दृश्य काढताना प्रोग्रामला पृष्ठभाग आणि कडा एवढेच लागते, म्हणून ती दृश्ये निर्दोष उमटतात आणि आपला विश्वास बसतो. सेक्शनच्या वेळी मात्र घनाचा अर्धा भाग वजा करावा लागतो आणि कापल्यावर उघडा पडलेला पृष्ठभाग हॅचिंगने (तिरक्या समांतर रेघांनी) भरावा लागतो. आत काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय ते होत नाही. काही इतर प्रोग्राममध्ये अशा वेळी नुसत्या बाह्यरेषा उमटतात आणि हॅचिंग येत नाही. टेकड्रॉ कापण्यासाठी घनच शोधतो, म्हणून तेथे पान कोरे राहते.

आता दुरुस्ती. पार्टमध्ये 'शेप बिल्डर' उघडा. त्यात फेसपासून शेल आणि शेलपासून सॉलिड असे दोन पर्याय आहेत, ते त्याच क्रमाने वापरा. सॉलिड तयार झाल्यावर पुन्हा 'चेक जॉमेट्री' चालवा. तेव्हाही चूक दाखवली, तर शेलला कोठेतरी भोक आहे असे समजा. ते भोक शोधायला बहुतेक वेळ लागतो. स्टेप फाइल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना लहान फिलेट (गोलसर केलेले कोपरे), प्लगचे बॉस, तेलाच्या वाटा अशा ठिकाणचे फेस गळतात, म्हणून शोध तेथून सुरू करा. गळलेला फेस सपाट असेल, तर त्याच्या कडा निवडून 'शेप बिल्डर'मध्येच नवा फेस बनवता येतो. वक्र असेल, तर ग्राहकाकडून फाइल पुन्हा मागवणे चांगले. मागवताना 'सॉलिड म्हणून निर्यात करा' असे स्पष्ट लिहा.

मांजलपूरकर

मनापासून आभार. ड्रेन प्लगच्या बॉसवरचा एक सपाट फेस खरोखरच गळलेला होता. तो भरला, शेल बंद झाले, सॉलिड तयार झाले आणि सेक्शन हॅचिंगसह उमटले.

आता दोन शंका आहेत. उभे प्लेन वरच्या आणि खालच्या रिबच्या जाडीच्या मधून लांबीच्या दिशेने जात असल्यामुळे दोन्ही रिब बॉस व फ्लँजसह एकसलग हॅच झाल्या आहेत. आणि फ्लँजच्या ६ छिद्रांपैकी एकही सेक्शनमध्ये दिसत नाही. प्रोग्रामने जे काढले ते भूमितीप्रमाणे बरोबर आहे, हे मला कळते. तरी चित्र पाहून समाधान होत नाही. हे असेच ठेवावे का?

दांडियाबाजार

असे ठेवू नका. आपले समाधान होत नाही ते योग्यच आहे, आणि त्यामागचे कारण थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रोग्राम कोणताही असला तरी हा प्रश्न सुटत नाही.

मी सेवानिवृत्त ड्राफ्ट्समन आहे. माझे शिक्षण कलाभवनात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली ही संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने चालते. तेथे आम्हाला सेक्शन शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितले गेले की सेक्शन म्हणजे करवतीने कापलेल्या तुकड्याचे छायाचित्र नव्हे. वाचणाऱ्याला वस्तूची घडण चटकन आणि चूक न होता कळावी, म्हणून ड्राफ्ट्समनने घेतलेला तो निर्णय असतो. बोर्डावर काम करताना हा निर्णय आपोआप घ्यावा लागे, कारण प्रत्येक रेघ हाताने ओढायची असे. संगणक रेघा स्वतःच ओढतो, त्यामुळे तो निर्णय कोणी घेतलाच नाही असे पुष्कळदा घडते.

रिबचे उदाहरण घ्या. रिब ही पातळ भिंत आहे. तिच्या लांबीतून प्लेन गेले आणि आपण तिला बॉसप्रमाणेच हॅच केले, तर कागदावर बॉसपासून फ्लँजपर्यंत भरीव शंकू दिसतो. भोवताली सगळीकडे धातू आहे असे वाचणारा समजतो; प्रत्यक्षात चार ठिकाणी ८ मिमीच्या भिंती आहेत आणि मध्ये मोकळी जागा आहे. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या ड्रॉइंगच्या नियमपुस्तिकेत आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या नियमांतही रिब, शाफ्ट, बोल्ट, नट, रिव्हेट, चावी, पिन, चाकाचे आरे हे भाग लांबीच्या दिशेने कापलेले दाखवत नाहीत. प्लेन त्यांच्यातून गेले तरी ते अखंड दाखवायचे, त्यांची बाह्यरेषा काढायची आणि आत हॅचिंग करायचे नाही. तीच रिब प्लेनने आडवी कापली, तर मात्र हॅचिंग करायचे, कारण तेव्हा तिची खरी जाडी दिसते.

छिद्रांचेही तसेच. ६ छिद्रे ६० अंशांच्या अंतराने आहेत आणि त्यांतले एक आडव्या मध्यरेषेवर आहे, तर उभे प्लेन दोन छिद्रांच्या मधून जाते आणि एकही छिद्र कापले जात नाही. अशा वेळी जवळचे छिद्र मनाने फिरवून प्लेनमध्ये आणायचे आणि त्याच्या खऱ्या वर्तुळाच्या त्रिज्येवर दाखवायचे, असा संकेत आहे. अक्षाभोवती समान अंतरावर असलेल्या घटकांसाठी तो मान्य आहे. त्यामुळे छिद्र आरपार आहे की नाही, त्याला काउंटरबोअर (तोंडाशी रुंद केलेला भाग) आहे का, हे सेक्शन पाहूनच कळते.

आणखी दोन गोष्टी तपासा. सेक्शनमध्ये लपलेल्या कडांच्या तुटक रेघा चालू असतील, तर त्या बंद करा. आतले उघडे करून दाखवायचे म्हणूनच सेक्शन घेतले आहे. आणि आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे, म्हणजे डावीकडून पाहिलेले दृश्य पानावर उजवीकडे ठेवतात, म्हणून कटिंग प्लेनचे बाण ज्या दिशेने पाहतात त्या दिशेशी दृश्याची पानावरची जागा जुळते का, ते एकदा पाहून घ्या.

लेथवाला

मी ड्रॉइंग काढत नाही, वाचतो. अठरा वर्षे लेथवर आहे. दांडियाबाजार यांनी रिबबद्दल जे लिहिले, त्याचा अनुभव मी घेतला आहे.

मी पूर्वी जेथे काम करत होतो, तेथे एका ब्रॅकेटचे ड्रॉइंग आले होते. त्यात दोनच दृश्ये होती, एक सेक्शन आणि एक वरून पाहिलेले. टोकाकडून पाहिलेले दृश्य दिलेच नव्हते. सेक्शनमध्ये रिब पूर्ण हॅच केलेली होती. पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) बनवणाऱ्याने ती भरीव गळ्यासारखी समजून लाकडी पॅटर्न तसाच केला आणि त्यावरून अकरा कास्टिंग ओतली गेली. ती माझ्याकडे आली तेव्हा वजन हाताला जास्त लागले, आणि बोल्ट घालायला पान्याची जागाच नव्हती, कारण जेथे मोकळे असायला हवे तेथे लोखंड होते. सगळी कास्टिंग परत वितळवावी लागली. ज्याने ड्रॉइंग काढले त्याचे म्हणणे असे होते की संगणकाने जसे दिले तसेच मी छापले. ते खरेही होते. पण आम्ही खाली मशीनपाशी उभे असतो तेव्हा आमच्या हातात मॉडेल नसते, एक तेलकट कागद असतो.

अलकापुरी

दोन्ही मते पटतात, तरी एक शंका मांडतो. आता ग्राहक त्रिमितीय मॉडेल सोबत देतो. मशिनिंगचा कार्यक्रम त्यावरूनच तयार होतो. अशा वेळी रिबचे हॅचिंग काढण्यासाठी अर्धा दिवस घालवणे योग्य आहे का? शिवाय मॉडेल एक आणि ड्रॉइंग वेगळेच, असे झाले तर पुढे गोंधळ होणार नाही का?

दांडियाबाजार

प्रश्न रास्त आहे. मॉडेलवरून थेट मशीन चालते तेथे ड्रॉइंगचे काम कमी होते, हे मान्य. परंतु कास्टिंग तपासणाऱ्याला, पॅटर्न बनवणाऱ्याला, आणि दहा वर्षांनी तोच भाग पुन्हा करू पाहणाऱ्याला बहुधा कागदच मिळतो. ड्रॉइंग मॉडेलपेक्षा वेगळे होईल ही भीती संकेत न पाळल्यामुळेच जास्त खरी ठरते, कारण मग वाचणारा आपापल्या समजुतीने अर्थ लावतो.

अमेरिकी पद्धतीत एक मधला मार्गही आहे, तो येथे नोंदवतो. रिब अगदी न हॅच केल्याने ती आहे हेच लक्षात येणार नसेल, तर तिच्या भागात हॅचिंगच्या रेघा दुप्पट अंतरावर घेतात आणि रिब व बॉस यांच्यामधली सीमा तुटक रेघेने दाखवतात. आपल्या हाउसिंगला त्याची गरज नाही, कारण टोकाच्या दृश्यात चारही रिब स्पष्ट दिसतात.

घनाकृती

आता हे फ्रीकॅडमध्ये प्रत्यक्ष कसे करायचे, ते सांगते. काही व्यावसायिक प्रोग्राममध्ये, उदाहरणार्थ सॉलिडवर्क्समध्ये, सेक्शन घेतानाच 'सेक्शन स्कोप' असा पर्याय येतो आणि त्यात कापायचे नसलेले भाग किंवा रिब वगळता येतात. टेकड्रॉमध्ये जे स्रोत म्हणून निवडले ते सगळे कापले जाते, म्हणून वेगळी वाट घ्यावी लागते.

सर्वांत आधी मॉडेलची एक प्रत करा आणि तिला 'फक्त ड्रॉइंगसाठी' असे नाव द्या. अलकापुरी यांची भीती याच ठिकाणी खरी ठरू शकते. मूळ मॉडेलला हात लावायचा नाही. प्रतीमध्ये पार्टच्या 'डीफीचरिंग' या साधनाने वरच्या रिबचे फेस, तिच्या मुळाशी असलेल्या फिलेटसह, निवडून काढून टाका आणि त्याच मापाची रिब स्वतंत्र घन म्हणून तयार करा. त्यानंतर सेक्शनसाठी फक्त हाउसिंग निवडा.

छिद्रासाठी साध्या सेक्शनऐवजी 'कॉम्प्लेक्स सेक्शन' वापरा. ही सोय २०२३ साली आलेल्या ०.२१ या आवृत्तीपासून आहे. एका स्केचमध्ये कापण्याची वाट काढा: वरून उभी अक्षापर्यंत, आणि अक्षापासून खाली ३० अंशांनी वळून जवळच्या छिद्राच्या मध्यातून बाहेर. प्रकार 'अलाइन्ड' निवडला की खालचा तिरका भाग सरळ होऊन कागदाच्या पातळीवर येतो आणि छिद्र खऱ्या त्रिज्येवर दिसते. या वाटेचा आणखी एक फायदा असा, की खालचा भाग दोन रिबच्या मधून जातो, त्यामुळे तेथे कापलेल्या रिबचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी रिबच्या घनाचे साधे दृश्य त्याच मापप्रमाणात काढून सेक्शनवर ठेवा. येथे बहुतेकांची गाडी अडते. टेकड्रॉमध्ये दृश्याची जागा त्या वस्तूच्या मध्यावरून धरली जाते, पानावरच्या अक्षावरून नव्हे. म्हणून रिबचा मध्य हाउसिंगच्या मध्यापासून किती दूर आहे ते मॉडेलवर मोजा, त्याला मापप्रमाणाने गुणा आणि तेवढे आकडे दृश्याच्या एक्स व वायमध्ये भरा. माऊसने ओढून अंदाजाने जुळवू नका. स्क्रीनवर जुळलेले प्रिंटमध्ये अर्धा मिलिमीटर चुकते आणि बारकाईने पाहणाऱ्याला ते लगेच दिसते.

कारेलीबाग

या चर्चेतच विचारतो. माझ्याकडे जोडणीचे ड्रॉइंग आहे, त्यात हाउसिंग, बेअरिंग आणि शाफ्ट असे तिन्ही आहेत. शाफ्ट न कापता दाखवायचा असेल, तर त्याचेही असेच वेगळे दृश्य वर ठेवावे का? मी तसे करून पाहिले, पण मागच्या बोअरच्या कडा शाफ्टच्या अंगावरून जाताना दिसतात.

घनाकृती

शाफ्टसाठी ती पद्धत चालत नाही, कारण वर ठेवलेले दृश्य खालच्या रेघा झाकत नाही. तेथे कापणी मॉडेलमध्येच करा. मोठा ठोकळा घेऊन हाउसिंगचा आणि बेअरिंगच्या कड्यांचा पुढचा अर्धा भाग वजा करा, शाफ्ट आणि गोळ्या अखंड ठेवा, आणि या सगळ्यांचे सेक्शन न घेता साधे दृश्य काढा. मग लपलेल्या रेघांचा हिशेब प्रोग्राम स्वतः करतो. कापलेल्या फेसवर 'जॉमेट्रिक हॅच' हाताने लावावे लागते, पण त्यामुळे शेजारच्या भागांना उलट दिशेचे हॅचिंग देणेही सोपे जाते. हॅचिंग ४५ अंशांचेच ठेवा. फक्त एका भागाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे झुकवा, आणि तिसरा भाग लागून असेल तर रेघांमधले अंतर बदला. एकच भाग सेक्शनमध्ये दोन ठिकाणी दिसत असेल, तर दोन्हीकडे दिशा व अंतर एकच हवे.

'फ्यूज बिफोर कट' हा गुणधर्म जोडणीच्या सेक्शनमध्ये बंद ठेवा. तो चालू असेल तर सगळे भाग कापण्याआधी एकजीव होतात आणि त्यांच्यामधली सीमारेषाच जाते.

लेथवाला

प्रिंटबद्दल एक विनंती आहे. मोठ्या कागदासाठी काढलेले ड्रॉइंग आम्हाला ए-४ वर छापून दिले जाते आणि हॅचिंगचा नुसता काळा डाग होतो. त्यावर लिहिलेले माप वाचता येत नाही.

दांडियाबाजार

ही तक्रार मी बोर्डाच्या काळातही ऐकली आहे; तेव्हा ती अमोनिया प्रिंटची असे. आयएसओच्या नियमाप्रमाणे हॅचिंगच्या रेघांमधले अंतर ०.७ मिमीपेक्षा कमी नसावे. ए-२ वरचे ड्रॉइंग ए-४ वर छापले की प्रत्येक लांबी निम्मी होते. म्हणजे ए-२ वर १ मिमी अंतर ठेवले असेल, तर ए-४ वर ते ०.५ मिमी होते आणि नियम मोडतो. म्हणून मशीनपाशी जो कागद जाणार, तो आधी विचारून घ्यावा आणि 'हॅच स्केल' त्याप्रमाणे ठरवावा. ए-४ वर छापायचे असेल तर ए-२ वर किमान १.४ मिमी हवे. मी स्वतः २ मिमीच्या खाली गेलो नसतो. हॅचिंगच्या आत माप लिहावेच लागले, तर आकड्याभोवती हॅचिंग तोडावे.

अलकापुरी

ऑटोकॅड वापरणाऱ्यांसाठी थोडे. आलेल्या बाह्यरेषा तेथे उघडून हॅच करताना सीमा बंद नसल्याचा संदेश येत असेल, तर बहुधा दोन रेघांच्या टोकांमध्ये केसाएवढी फट असते. 'एचपीगॅपटॉल' या चलाची किंमत मुळात ० असते; ती फटीपेक्षा थोडी जास्त केली की हॅच भरते. पण मी ती पुन्हा ० करतो आणि फट जोडूनच घेतो, कारण त्याच रेघांवरून पुढे कोणी माप घेतले तर फट मापातही येते. रिबच्या बाबतीत माझे मत बदलले आहे, हेही येथे नोंदवतो. लेथवाला यांनी सांगितलेला पान्याचा प्रसंग मी माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला.

मांजलपूरकर

सर्वांचे आभार. काम पूर्ण झाले, म्हणून शेवटची स्थिती लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

'डीफीचरिंग' पहिल्या प्रयत्नात चालले नाही, कारण रिबच्या मुळाशी असलेल्या फिलेटचा एक बारीक फेस निवडायचा राहिला होता. तो निवडल्यावर रिब निघाली. कॉम्प्लेक्स सेक्शनमध्ये स्केचची वाट आधी हाउसिंगच्या आतच संपत होती, त्यामुळे फ्लँजची कड कापली जात नव्हती; दोन्ही टोके हाउसिंगच्या बाहेर १० मिमी नेली आणि सेक्शन पूर्ण आले. रिबच्या दृश्याची जागा आकड्यांनी जुळवली. मापप्रमाण १:२ असल्यामुळे मोजलेले अंतर निम्मे करायचे मी विसरलो होतो, आणि रिब पहिल्यांदा फ्लँजच्या बाहेर जाऊन बसली.

दांडियाबाजार काका, आपण सांगितल्यामुळे बाणांची दिशा तपासली, तेव्हा ती उलटी निघाली. दृश्य पानावर उजवीकडे होते आणि बाण डावीकडे पाहत होते. फर्स्ट अँगलप्रमाणे बाण फिरवून घेतले आहेत. हाउसिंगच्या दोन्ही बाजू सारख्या दिसत असल्याने ही चूक मला सापडली नसती. फक्त ड्रेन प्लगचा बॉस विरुद्ध बाजूला गेला असता.

शुक्रवारी सायंकाळी ए-३ वर प्रिंट काढून ती आमच्या टर्नरना दाखवली. त्यांनी सेक्शन पाहिले, रिबवर बोट ठेवले आणि विचारले, "ही चारच आहेत ना?" मी हो म्हणालो. शनिवारी सकाळी पहिले हाउसिंग लेथवर चढले.